मॅनर हाउस म्हणजे नक्की कोणाचं घर?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडच्या खेड्यांतून फिरताना चर्चच्या शेजारी एखादं मोठं, जुनं दगडी किंवा लाकडी चौकटीचं घर दिसतं आणि गावातले लोक त्याला ‘मॅनर’ म्हणतात. ते किल्ल्यासारखं नाही, राजवाड्यासारखंही नाही. मग आपल्याकडच्या पाटलाच्या वाड्यासारखंच ते समजायचं का? ही घरं कशी बदलत गेली, आणि त्यांतली इतकी का पाडली?

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. सुरुवात पुण्यातल्या वाड्यांपासून झाली आणि गेली 22 वर्षं इंग्लंडच्या पश्चिम भागात, वेल्सच्या सीमेलगतच्या खेड्यांत काम चालू आहे. त्यामुळे माझं उत्तर राजघराण्यांच्या बाजूनं नाही, तुळया, भिंती आणि छपरांच्या बाजूनं येईल. युरोपभर अशी घरं आहेत, पण माझ्या हाताखालून गेलेली इंग्लंडची, म्हणून मुख्यतः तिथलंच सांगते.

आधी शब्दाबद्दल. मॅनर हे मुळात घराचं नाव नव्हतं, जमिनीवरच्या हक्काचं नाव होतं. ‘राहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून तो शब्द नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आला. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी, 1086 मध्ये, जवळजवळ सगळ्या देशाची जमीन-मोजणी करून घेतली. त्या ‘डूम्सडे बुक’मध्ये पानोपानी हा शब्द येतो: अमुक मॅनर अमक्याकडे, इतके नांगर, इतकी कुळं, इतक्या गिरण्या. म्हणजे मॅनर हा एक पूर्ण संसार होता. लॉर्डची, म्हणजे मॅनरच्या धन्याची, घरची शेती, कुळांना वाटून दिलेल्या लांबट पट्ट्या, गायरान, रान, गिरणी, बहुतेक ठिकाणी चर्च. कुळांनी आठवड्यातले ठरलेले दिवस लॉर्डच्या शेतात वेठ करायची. दळण त्याच्याच गिरणीत न्यायचं. कुळाचा कर्ता पुरुष वारला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर लॉर्डकडे जायचं, आणि मुलीचं लग्न करायचं तर त्यासाठीही त्याला पैसे भरावे लागत.

पाटलाच्या वाड्याशी तुलना इथे मोडते. पाटील वतनदार होता, पण त्याच्या गावात मिरासदाराची जमीन मिरासदाराची होती आणि पाटील सारा गोळा करायचा तो सरकारसाठी. मॅनरचा लॉर्ड स्वतःच धनी, स्वतःच वसूल करणारा आणि त्याच्या कुळांपुरता स्वतःच न्यायाधीशही. त्याची कचेरी भरायची त्याच्याच घराच्या मोठ्या दालनात. जमीन कोणाच्या नावावर गेली, कोणाची गुरं कोणाच्या पिकात शिरली, कोणाला किती दंड झाला, हे सगळं चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहिलं जायचं. कुळाला आपल्या जमिनीचा पुरावा म्हणून त्या नोंदीची नक्कल मिळे. अशा धारणेला ‘कॉपीहोल्ड’ म्हणतात. आपल्या भाषेत उताऱ्यावरची जमीन. ही पद्धत कायद्यानं संपली ती थेट 1 जानेवारी 1926 रोजी.

आणखी एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1290 साली एडवर्ड पहिल्यानं जमीन खाली-खाली वाटून नवे पोट-लॉर्ड निर्माण करायला बंदी केली. त्यामुळे त्यानंतर नवं मॅनर तयारच होऊ शकलं नाही. आज इंग्लंडमध्ये ‘मॅनर’ अशी पाटी लावलेली शेकडो हॉटेलं आणि बंगले आहेत, पण जमिनीचा हक्क म्हणून जे खरं मॅनर आहे ते त्याआधीचंच.

आता घर. हे घर समजून घ्यायला श्रॉपशरमधलं स्टोकसे पाहा. नावात ‘कॅसल’ आहे, तटबंदीही आहे, पण हा किल्ला नव्हे. ते बांधलं लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्यानं. 1281 मध्ये त्यानं जागा घेतली आणि 1291 मध्ये राजाकडून तटबंदीचा परवाना मिळवला. 1294 मध्ये लोकरीचं जहाज बुडून तो समुद्रात गेला. पण त्याचं दालन अजून उभं आहे. आत गेलात की पहिल्यांदा वर बघा. मध्ये कुठेही खांब नाही. वळणदार ओकच्या तुळया दोन्ही भिंतींकडून वर जाऊन आढ्याखाली भेटतात. जमिनीत मधोमध आगटीची जागा आहे. धुराडं नाही. जाळ दालनाच्या मध्यावर पेटायचा आणि धूर छपरातून वाट काढत बाहेर जायचा. एका कडेला लाकडी जिना आहे, त्याच्या पायऱ्या अख्ख्या ओंडक्यांतून काढलेल्या.

या एका दालनात सगळं घर राहायचं. वरच्या टोकाला जरा उंच ओटा, त्यावर लॉर्डचं मेज. बाकीच्यांची मेजं म्हणजे लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या फळ्या. जेवणं झाली की भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि तिथेच झोपायचं. खालच्या टोकाला लाकडी आडोसा, त्यामागे बोळ, आणि बोळातून दोन खोल्यांची दारं: एकीत दारूची पिंपं, दुसरीत पाव. स्वयंपाकघर आगीच्या भीतीनं बहुतेक वेळा वेगळं. लॉर्डची स्वतःची खोली वरच्या टोकापलीकडे, माडीवर. स्टोकसेत त्या माडीच्या खोलीत चुलाण्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीत झरोके आहेत. तिथून खाली दालनात काय चाललंय ते दिसतं. मला हे झरोके त्या घरातली सगळ्यात बोलकी जागा वाटतात. मालक नुकताच वर जाऊन बसायला लागला आहे, पण नजर अजून खाली ठेवून.

केंटमधल्या पेन्सहर्स्ट प्लेसला हेच दालन मोठ्या थाटात दिसतं. 1341 साली सर जॉन डी पुल्टनी या लंडनच्या मेयरनं ते बांधलं. छप्पर सुमारे 60 फूट उंच, आणि जमिनीतली अष्टकोनी आगटी अजून जागेवर आहे. इथेही पैसा शहरातल्या व्यापाऱ्याचा. लोकर आणि कापडावर पैसा मिळवायचा आणि प्रतिष्ठेसाठी मॅनर घ्यायचं, ही चाल तेव्हापासूनची.

पुढे 1348 मध्ये प्लेग आला. दीडएक वर्षात देशातली तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत माणसं गेली. शेतं तीच, राबणारे हात निम्मे. मजुरी वाढू नये म्हणून 1351 मध्ये कायदा केला, तो फार टिकला नाही. 1381 च्या उठावात शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी मॅनरच्या त्या नोंदींच्या गुंडाळ्या जाळल्या. 1875 मध्ये सुप्याला आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्र जाळले, ते मला इथे नेहमी आठवतं. माणसाला बांधून ठेवणारा कागद कुठला, हे दोन्हीकडे लोकांना बरोबर ठाऊक होतं. यानंतर लॉर्ड मंडळी घरची शेती खंडानं देऊ लागली. वेठ संपत गेली, दालनात जेवणारी माणसं कमी झाली, आणि मग घराचा आकार बदलू लागला.

हा बदल मी हातानं चाचपलेला आहे. काही वर्षांपूर्वी हेरफर्डशरमध्ये एका शेतकऱ्यानं घरी बोलावलं. घर बाहेरून साधं, खोल्यांना गिलाव्याची सपाट छतं, मध्ये विटांचं भलंमोठं धुराडं. माळ्यावर लाकडं काळी पडली होती आणि त्यांचा समज असा की पूर्वी कधीतरी आग लागली असणार, म्हणून तुळया बदलायच्या. मी विजेरी घेऊन वर चढले. जळालेलं लाकूड ओळखू येतं: कडा खाल्लेल्या असतात, पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा चिरलेला असतो. इथे कडा धारदार होत्या, तासणीचे वार जसेच्या तसे दिसत होते, आणि त्यावर एकसारखा काळा, चकचकीत लेप. आपल्याकडे चुलीवरच्या माळ्याला धुराचं लुकण चढतं ना, तेच. मधली कैची, म्हणजे छपराला तोलणारी लाकडी चौकट, सगळ्यात काळी, टोकाकडे रंग उतरत गेलेला, आणि शेवटच्या कैचीची एक बाजू काळी, दुसरी स्वच्छ. म्हणजे तिथे भिंत होती आणि धूर तिच्या अलीकडेच कोंडला जायचा. त्या शेतघराच्या पोटात मध्ययुगीन दालन लपलं होतं. सोळाव्या शतकात कुणीतरी आगटी बंद करून धुराडं उभारलं, मध्ये पाटई टाकून दालनाचे दोन मजले केले, आणि मूळ छप्पर छताच्या वर अंधारात राहून गेलं. लाकडावर सुतारांच्या रोमन आकड्यांच्या खुणा होत्या, कोणता वासा कुठल्या खाचेत बसवायचा त्या. एकही तुळई बदलावी लागली नाही.

बदलावं लागलं ते भिंतीच्या तळाचं आडवं तुळवट. पन्नासएक वर्षांपूर्वी कोणा कंत्राटदारानं दगडांच्या दरजा सिमेंटनं भरल्या होत्या. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर टाकते. सिमेंटनं ती आत कोंडली आणि ओकचं लाकूड आतून भुगा झालं. पुण्याला घाणीत मळलेल्या चुन्यानं जे शिकवलं तेच इथे कामाला येतं.

इंग्लंडमधल्या बहुतेक मॅनर हाउसेसची हीच कथा आहे. धुराडं आलं, त्यामुळे दालनावर मजला चढवता आला, त्यामुळे खोल्या वाढल्या, आणि त्यामुळे मालक आणि चाकर एकमेकांपासून दूर जाऊ लागले.

त्याच काळात विकाऊ जमिनीचा मोठा पूर आला. 1536 ते 1540 या चार वर्षांत हेन्री आठव्यानं देशातले सुमारे 800 मठ बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि विकल्या. विल्टशरमधला लेकॉक मठ 1540 मध्ये विल्यम शेअरिंग्टन यानं 783 पौंडांना घेतला. चर्च पाडलं, पण दगडी ओवऱ्या तशाच ठेवून त्यांच्या वर घर केलं. आजही तळमजल्यावर मठ आणि माडीवर घर, असं ते आहे. पुढे तिथलाच मालक फॉक्स टॅल्बट यानं 1835 मध्ये त्या घराच्या एका खिडकीचं जे छायाचित्र घेतलं, ते आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं कॅमेरा निगेटिव्ह आहे.

आता ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना गढी नको होती, दिमाख हवा होता. डर्बीशरचं हार्डविक हॉल, 1590 ते 1597, एलिझाबेथ, काउंटेस ऑफ श्रूजबरी हिनं बांधलेलं. काच प्रचंड महाग असतानाच्या काळात भिंतीपेक्षा काच जास्त वाटावी असं घर, आणि छतावरच्या मनोऱ्यांवर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरं, ई आणि एस. दालन इथेही आहे, पण ते आता समोरच्या दारातून आत शिरायची जागा झालंय. कुणी तिथे मालकिणीसोबत पंक्तीला बसत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यात सर रॉजर प्रॅट यानं बर्कशरमध्ये कोल्सहिल हे घर बांधलं आणि त्यात चाकरांसाठी वेगळे मागचे जिने घातले. मालकांनी पुढचा भव्य जिना चढायचा, आणि पाण्याची, मैल्याची भांडी घेऊन जाणाऱ्यांनी मागून, कोणाच्या नजरेला न पडता. तीनशे वर्षांपूर्वी एकाच जाळाभोवती झोपणारी माणसं आता एका जिन्यावरही भेटू नयेत, ही व्यवस्था झाली. कोल्सहिल 1952 मध्ये जळालं आणि नंतर पाडलं गेलं. माझ्या मते इंग्रजी घराच्या इतिहासातला हा मागचा जिना कुठल्याही संगमरवरी खांबापेक्षा महत्त्वाचा आहे.

अठराव्या शतकात हा दुरावा घराबाहेर पडून जमिनीवर पसरला. 1604 ते 1914 दरम्यान संसदेनं 5,200 हून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर सामाईक शेतं आणि गायरानं कुंपणात घातली. त्यातला मोठा वाटा 1750 नंतरचा. गरीब कुळांची गाय चरायची जागा गेली. डॉर्सेटमध्ये जोसेफ डेमर, लॉर्ड मिल्टन याला आपल्या खिडकीतून बाजारपेठेचं गाव दिसत होतं, ते त्यानं सगळं हटवलं आणि लोकांना टेकडीआड नव्या गावात नेलं. ते मिल्टन अ‍ॅबस, 1780 च्या सुमाराचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताच्या छपरांची एकसारखी पांढरी घरं. पर्यटक फोटो काढतात. जुन्या गावाच्या जागी लॅन्सलॉट ब्राउन यानं आखलेली हिरवळ आणि तळं आहे. इंग्लंडचं ‘नैसर्गिक’ खेडं म्हणून आपण जे बघतो त्यात असं बरंच काही बसवलेलं असतं.

या काळातल्या पैशाचा माग काढला की वाट दूरवर जाते. यॉर्कशरचं हेअरवुड हाउस लॅसेल्स कुटुंबाचं. त्यांची श्रीमंती कॅरिबियन बेटांतल्या साखरेतून आणि गुलामांच्या श्रमांतून आली. बर्कशरचं बॅसिलडन पार्क 1776 पासून बांधलं फ्रान्सिस साइक्स यानं, बंगालमधल्या कमाईवर. ग्लॉस्टरशरमधल्या सेझिनकोटला तर मुघल घाटाचा घुमट आहे. आणि मराठी माणसानं विल्टशरमधलं विल्बरी हाउस विसरू नये. सर चार्ल्स मॅलेट हा पुण्याच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट होता. 1790 मध्ये टिपूविरुद्धचा तह सवाई माधवरावांच्या दरबारात झाला त्याचं मोठं तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यात मॅलेट आहे. वेरूळच्या लेण्यांची चित्रं पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी काढली ती याच मॅलेटसाठी. भारतातून परतल्यावर त्यानं हे विल्बरी घेतलं आणि पुढच्या पिढ्या तिथेच राहिल्या. मुळा-मुठेच्या संगमावरून निघालेली वाट अशी विल्टशरच्या एका घराच्या दारात संपते.

आता शेवटचा प्रश्न: ही घरं पडली कशी? हवा-पाण्यानं नाही. 1870 नंतर अमेरिकेतल्या माळांवरचा गहू रेल्वे आणि आगबोटींनी इंग्लंडला येऊ लागला. 1877 मध्ये क्वार्टर या धान्याच्या जुन्या मापाला सुमारे 56 शिलिंग असलेला गव्हाचा भाव 1894 पर्यंत 23 च्या आत आला. कुळांना खंड परवडेना, आणि घरं तर खंडावरच उभी होती. 1882 मध्ये कायदा बदलला आणि वारसांना आजवर बांधून ठेवलेली इस्टेट विकायची मुभा मिळाली. आधी ग्रंथसंग्रह गेले, चित्रं गेली, मग जमीन. 1894 मध्ये मोठ्या मालमत्तेवर मृत्यूनंतरचा नवा कर आला, सुरुवातीला जास्तीत जास्त 8 टक्के. 1919 मध्ये तो 40 वर आणि 1949 पर्यंत 80 टक्क्यांवर गेला. पहिल्या महायुद्धात काही घरांत बाप आणि मुलगा पाठोपाठ गेले आणि कर दोनदा भरावा लागला. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं ही घरं सैन्य, शाळा, इस्पितळांसाठी ताब्यात घेतली, आणि परत मिळाली तेव्हा छपरं गळत होती.

मग पाडापाडी सुरू झाली. छपराचं शिसं, चुलाण्यांचे संगमरवर, भिंतींचे लाकडी तक्ते, सगळं सुटं विकलं जाई. लँकेशरचं एजक्रॉफ्ट हॉल 1926 मध्ये तुकड्या-तुकड्यांनी सोडवून पेट्यांत भरलं आणि अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला नेऊन पुन्हा उभारलं. अजून तिथेच आहे. हार्टफर्डशरचं कॅशिओबरी पाडलं, त्याचा कोरीव जिना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. 1955 हे सगळ्यात वाईट वर्ष: दर पाच दिवसांना एक मोठं घर जमीनदोस्त होत होतं. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं 1875 नंतर गेलेल्या हजाराहून अधिक घरांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की काय काय गेलं.

जी उरली त्यांतली बरीच नॅशनल ट्रस्टमुळे. ही संस्था 1895 ची, पण मोठी घरं सांभाळण्याची तिची योजना 1937 च्या कायद्यानं मार्गी लागली: मालकानं घर आणि देखभालीपुरतं उत्पन्न ट्रस्टला द्यायचं, कर माफ व्हायचा, आणि कुटुंबाला तिथे राहता यायचं. ही कल्पना मांडणाऱ्या लॉर्ड लोथियन यानं 1940 मध्ये वारताना नॉरफकमधलं आपलं ब्लिकलिंग हॉल ट्रस्टला दिलं. संरक्षित इमारतीला हात लावायला आधी परवानगी हवी, हा नियम 1968 चा. माझ्या व्यवसायात रोज ज्याच्याशी गाठ पडते तो हाच नियम, आणि मालक कितीही वैतागले तरी मला तो हवा आहे.

बाकी युरोपात शेवट जास्त कडवट झाला. आयर्लंडमध्ये 1920 ते 1923 दरम्यान इंग्रज वंशाच्या जमीनदारांची कित्येक घरं जाळली गेली. एस्टोनियात 1919 च्या जमीन कायद्यानं जर्मन जमीनदारांच्या इस्टेटी सरकारजमा होऊन शेतकऱ्यांत वाटल्या गेल्या, आणि त्या वाड्यांतल्या कित्येकांत शाळा भरू लागल्या. काहींत अजून भरतात. पोलंडमध्ये 1944 च्या हुकुमानं मालकांना घर आणि गाव दोन्ही सोडावं लागलं. जमिनीवरचा हक्क गेला की मॅनर हाउस उरत नाही; उरते फक्त एक मोठी, खर्चिक इमारत.

बघायला जाणार असाल तर हार्डविकनं सुरुवात करू नका. आधी स्टोकसेला जा, तेही थंडीत, गर्दी नसताना. आगटीच्या जागेजवळ उभं राहून छपराकडे पाहा. डोळे अंधाराला सरावले की तुळयांवरचा काळा लेप दिसू लागतो, आणि सातशे वर्षांपूर्वी त्या जाळाभोवती कोण कोण बसत असेल याचा अंदाज लागतो. मग लेकॉक, मग हार्डविक. आणि कुठल्याही घरात शिरलात तर तिथल्या माणसाला मागचा जिना कुठे आहे ते आधी विचारा.